अकरा दिवस पोत्यावर

बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागला त्या आठवड्यात मी पेढ्यांचे दोन पुडे घेऊन घरोघर फिरले. कुणाकुणाच्या पाया पडायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं. पहिले जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज त्यांनी स्वतः भरला होता, आणि आईला सही करता यावी म्हणून चार संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसवून तिच्याकडून तिचं नाव गिरवून घेतलं होतं. मग तालुक्याच्या हायस्कूलमधल्या विज्ञानाच्या बाई. त्यांनी त्यांच्या मुलीची पुस्तकं मला वापरायला दिली आणि परत कधी मागितली नाहीत. मग फाट्यावरचे सायकलवाले चाचा. वसतिगृह दहावीपर्यंतच होतं, म्हणून अकरावी-बारावीची दोन वर्षं मी फाट्यापर्यंत सायकलनं जायची आणि पुढं एसटीनं. सायकल चाचांच्या दुकानात उभी असायची. पंक्चर झालेली असली तर मी परत यायच्या आत त्यांनी ती काढून ठेवलेली असायची. पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, "बेटी, आता सुई देशील ती हळू दे."

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी जी काही आहे ती अशा लोकांमुळं आहे, आणि ते मी विसरलेली नाही. त्या आठवड्यात एकच घर मी वगळलं. ते आमच्या भिंतीला भिंत लागून आहे. माझ्या थोरल्या चुलतीचं घर. आम्ही बहिणी तिला मोठ्याई म्हणतो. त्या दिवशी ती दारात बसून तूर निवडत होती. मी तिच्यासमोरून दोनदा गेले, पुडा तिला दिसेल असा धरून.

सूड म्हणून ते फार लहान होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमचं गाव नांदूरघाटच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. आम्ही तिघी बहिणी, मी मधली. आजी लवकर गेल्यामुळं घर मोठ्याई चालवायची. धान्याच्या कोठीची किल्ली तिच्या कमरेला, आणि कापूस वेचून आला की संध्याकाळी काटा तीच वाचायची. गोठ्याच्या तुळईला काटा टांगलेला असे. वेचणाऱ्या बाया आपापलं गाठोडं अडकवत आणि मोठ्याई कंदिलाच्या उजेडात आकडा म्हणे. तिचा आकडा कधी चुकला नाही, एवढं तिचं खरं आहे.

तिला विटाळ फार. कुणाला कावळा शिवला की त्या बाईनं चार दिवस गोठ्याच्या तोंडाशी पोत्यावर बसायचं. ताट लांबून सरकवायचं. पाणी द्यायचं तर उंचावरून, तिच्या ओंजळीत, तांब्या हाताला लागता कामा नये. आईला पाणी द्यायचं काम माझ्याकडं होतं. मोठ्याईनंच मला ते शिकवलं. मनगट कसं धरायचं, धार कशी बारीक ठेवायची. मी त्यात इतकी तयार झाले होते की एक थेंब बाहेर सांडत नसे.

मी नऊ वर्षांची असताना एक दिवस सकाळी जीप आली. मोठ्याई आईला घेऊन गेली. आईच्या पोटात गाठ आहे, ती दाखवायची आहे, असं आम्हाला सांगितलं. संध्याकाळी दोघी परत आल्या आणि आई घरात न येता सरळ गोठ्यात जाऊन पोत्यावर बसली. मोठ्याई दारातून मोठ्यानं म्हणाली, तिला कावळा शिवलाय, शिवू नका. गल्लीतल्या बायांनी ऐकलं आणि आपापल्या कामाला लागल्या. तिचं ओरडणं त्यांच्यासाठीच होतं. पोत्यावर बसलेल्या बाईची कुणी चौकशी करत नाही.

चार दिवस झाले, आई उठली नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, तेही घेतलं नाही. शेजारणीनं विचारलं तर मोठ्याई म्हणाली, उष्णतेचं आहे, अंगावरून जातंय. मी बोटांवर मोजत होते, कारण चार दिवसांच्या वर कुणी बसलेलं मी पाहिलेलं नव्हतं. सातव्या दिवशी आईच्या हाताला कापरं भरलं. ओंजळ धरली तरी बोटांच्या फटीतून पाणी गळून जाई, तिला ते धरता येईना. मी तांब्या खाली ठेवून तिचे हात धरायला गेले. मोठ्याईनं माझ्या मनगटावर फटका मारला. आई म्हणाली, "राहू दे बाळ. मी पिते." आणि सांडलेल्या पाण्यानं ओले झालेले हात तिनं तोंडावरून फिरवले.

अकराव्या दिवशी ती न्हाली. मोठ्याईनं ते पोतं उकिरड्यावर नेऊन जाळलं.

पुढच्या वर्षी पुन्हा जीप आली. त्यानंतर आईची पिशवीच काढली. वडील त्या काळात गप्प बसले आणि मरेपर्यंत गप्पच राहिले. आईनं शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं आणि त्यावर आम्हा तिघींना शिकवलं. काय झालं होतं ते मला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. अर्धवट राहिलेल्या गर्भपाताची लक्षणं मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. मी दोन ओळी उतरवल्या आणि पेन ठेवून दिलं. संध्याकाळी आईला फोन लावला. उतरवलेल्या त्या दोन ओळी तिला वाचून दाखवल्या. मग तिनं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, अभ्यासात आहे. ती म्हणाली, "अभ्यासात असतंय व्हय असलं?"

शिक्षण संपल्यावर काही वर्षं बाहेर नोकरी केली. मग सरकारी भरतीत माझी निवड झाली आणि नेमणूक आमच्याच गावच्या आरोग्य उपकेंद्रात मिळाली. पद मोठ्या नावाचं आहे, पण लोक सिस्टरच म्हणतात. मी आईजवळ राहायला आले. मोठ्याईला तोवर रक्तदाब सुरू झाला होता. दर महिन्याला तिचा दंड मी पट्ट्यात गुंडाळायची, आकडा लिहायची, गोळ्या द्यायची. आमच्यात कामापुरतं बोलणं व्हायचं.

तिचा मुलगा, माझा चुलत भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला मुलगी मिळेना. शेत आहे, ट्रॅक्टर आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, तरी मिळेना. गावात पारावर तिशी ओलांडलेली दहा-बारा पोरं असतात. त्यांचे बायोडाटे तीन तालुके फिरून येतात. एकदा पट्टा सोडताना मोठ्याईनं मला विचारलं, तुझ्याबरोबर शिकलेली, नर्स झालेली एखादी पोरगी असेल तर बघ. हुंडा नको, उलट लग्न आम्ही करून घेऊ. मी गोळ्यांचं पाकीट तिच्या हातावर ठेवलं.

"मोठ्याई, त्या सालच्या पोरी कुठं गेल्या, हे गावात तुमच्यापेक्षा जास्त कुणाला म्हाईत हाय?"

ती पदर सावरून उठून गेली. मला दोन दिवस भाकरी गोड लागली.

शेवटी मध्यस्थ धरून त्यांनी यवतमाळकडची मुलगी आणली. बापाचं छत्र नसलेली, गरीब घरची, भावापेक्षा बारा वर्षांनी लहान. तिची बोली आमच्या गल्लीला नवी होती. ती 'मले', 'तुले' म्हणाली की बाया पदरात हसायच्या आणि मुद्दाम तिला बोलतं करायच्या. वहिनीला ते कळायचं, आणि तीही मग आमचं 'कामून' त्यांना वेडावून दाखवायची. तिला दोन मुली झाल्या. दुसरीच्या वेळी मोठ्याई दवाखान्यात आली, पाळण्यात डोकावली आणि डबा तिथंच ठेवून परत गेली.

माझ्या कामात एक गोष्ट मला फार लवकर दिसली. पहिल्या खेपेची बाई दुसऱ्या महिन्यातच नोंदणीला येते, सासू सोबत, हातात हिरव्या बांगड्या. दोन मुली असलेल्या घरातली तिसरी खेप पाचव्या महिन्यात उगवते, आणि तिला मुलगाच होतो. मधल्या काळात ती बाई कुठं होती, तिला आधी किती वेळा दिवस गेले, हे कुठल्याच कागदावर नसतं. आमचं काम असं की आशाताईनं घरोघर जाऊन बायांची पाळी विचारायची, वहीत लिहायची, आणि पाळी चुकली की मला कळवायचं. वहिनीच्या नावापुढं दर महिन्याला बरोबर खूण असायची. आशाताई आमच्याच गल्लीतली. ती म्हणायची, हिचं तर विचारावंही लागत नाही, दर महिन्याला पोत्यावर बसलेली दिसते. त्या वहीवर महिन्याच्या शेवटी माझी सही असते.

त्या वर्षी गुढीपाडव्यानंतर मी मोठ्याईच्या गोळ्या घेऊन त्यांच्याकडं गेले. अंगणात बाजेवर धोतर पसरून त्यावर ओल्या कुरडया घातलेल्या होत्या. चुलीवर चिकाचं पातेलं, शेजारी सोऱ्या. वहिनी गोठ्याच्या तोंडाशी पोत्यावर बसलेली. मोठ्याई लगबगीनं पुढं आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तिकडं जाऊ नको, कावळा शिवलाय तिला."

वहिनीनं मान वर केली नाही. तिनं हात गुडघ्यांभोवती धरले होते. कोपरापर्यंत ते पांढरे होते. चीक वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि बोटांच्या पेरांवर सोऱ्याचे लाल वळ होते.

कुरडया कशा करतात हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. पाळी आलेल्या बाईची सावली पडली तर चीक फाटतो, कुरडई लाल पडते, अशी समजूत आहे, आणि मोठ्याईएवढी ती कुणी पाळली नसेल. मी सात वर्षांची असताना आई पोत्यावरून उठून मोरीकडं जाताना तिची सावली बाजेवरून गेली होती. मोठ्याईनं पायलीभर गव्हाच्या कुरडया म्हशीपुढं टाकल्या आणि संध्याकाळपर्यंत आईच्या माहेराचा उद्धार केला. त्या मोठ्याईनं आज सुनेकडून चीक हाटून घेतला होता, सोऱ्या दाबून घेतला होता, आणि माझी चाहूल लागल्यावर तिला पोत्यावर बसवलं होतं. तिला ठाऊक होतं की सून विटाळशी नाही. कामाला दुसरं माणूस नव्हतं आणि बाहेर ऊन चांगलं होतं. तिच्या लक्षात राहिलं नाही ते एवढंच, की मीही तिच्याच हाताखाली हे सगळं शिकले आहे.

मी गोळ्या दिल्या, पट्टा गुंडाळला, आकडा लिहिला आणि घरी आले. भीती वाटत होती का आनंद होत होता, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक आनंदच.

दुसऱ्या दिवशी वहिनी धाकटीला अंगणवाडीत सोडायला आली तेव्हा मी तिला आत बोलावलं. विचारल्यावर ती लगेच रडली नाही. तिनं आधी दाराकडं पाहिलं, मग बोटांवर मोजून सांगितलं. शेवटची पाळी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आठवड्यात. म्हणजे अकरा आठवडे. तीन महिने भरले की गाडी येणार होती. कुठं नेतात ते तिला माहीत नव्हतं. गाडी बराच वेळ जाते, वाटेत एका ढाब्यावर दुसऱ्या गाडीत बसवतात, आणि फोन काढून घेतात. हे तिला कसं माहीत, असं मी विचारलं. ती म्हणाली, मागच्या साली दिवाळीनंतर एकदा नेलं होतं. तेव्हा ती नऊ दिवस पोत्यावर होती.

मी आशाताईची वही काढून पाहिली. त्या महिन्यात तिच्या नावापुढं 'पाळी आली' लिहिलेलं होतं. खाली माझी सही.

त्या दोन दिवसांत माझ्या मनात जे आलं ते मी लपवणार नाही. नोंदणी केली की काम झालं असतं. पण मला तेवढं पुरत नव्हतं. मला मोठ्याई जीपमध्ये बसलेली पाहायची होती. आई बसली होती तशी, गल्लीतल्या बाया बघत असताना, पोलिसांच्या जीपमध्ये. तालुक्याला कळवलं तर सापळा लावतात हे मला माहीत होतं. गाडी निघाली की मागोमाग जायचं, त्या दुसऱ्या गाडीपर्यंत, गर्भ तपासायच्या त्या मशीनपर्यंत, आणि सगळ्यांना जागेवर धरायचं. डॉक्टर, मध्यस्थ, माझा भाऊ, मोठ्याई. मी मनात वाक्यंसुद्धा तयार केली होती. हातात बेड्या घालत नाहीत हे ठाऊक असूनही मला तिच्या हातात बेड्या दिसत होत्या, त्या मनगटांवर.

तिसऱ्या दिवशी मी वहिनीला हे समजावून सांगितलं. ती घाबरू नये म्हणून हळू, सोप्या शब्दांत. आम्ही मागंच असू, मशीन अंगाला लागायच्या आत आत शिरू, तुला काही होऊ देणार नाही. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. धाकटीच्या फ्रॉकचं बटण ती मधूनमधून लावत होती, आणि पोरगी ते काढत होती.

"म्हणजे गाडीत त मले बसाच लागन," ती म्हणाली. "त्यायनं नेलं काय अन् तुमी नेलं काय, ताई."

ती पोरीला कडेवर घेऊन निघाली तेव्हा मीच तिला हाक मारली आणि वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. वजन घेतलं, रक्तदाब घेतला, बोटाला टोचून रक्त तपासलं. रक्त कमी होतं. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, संगणकावर नोंद केली, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख घालून कार्ड तिच्या हातात दिलं. नोंद झाली की नवऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. तेवढ्यात तो गेलाच असेल. मी तिला म्हटलं, आजपासून हे मूल सरकारच्या कागदावर आहे. ते मधेच कुठं गेलं तर मला कारण लिहावं लागतं आणि ते कारण वर विचारतात. हे घरात जसंच्या तसं सांग. ती घरी गेल्यावर तिच्या अंगाला कुणी हात लावू नये म्हणून मी आशाताईला कार्डासोबत घरापर्यंत पाठवलं, आणि दारात उभं राहून चार बायांच्या देखत अभिनंदन करायला सांगितलं. आशाताईनं ते माझ्या अपेक्षेपेक्षा जोरात केलं. तिलाही फसवल्याचा राग होता.

गाडीबद्दल आणि ढाब्याबद्दल वहिनीनं सांगितलं ते मी लिहून माझ्या साहेबांना दिलं. पुढं काय झालं मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, केंद्रात कुणी नसताना मोठ्याई आली. भर उन्हात चालत आली होती. बाकावर बसली, धाप आवरली आणि म्हणाली, ती नोंद खोड. मी सांगितलं, खोडता येत नाही. ती म्हणाली, तू केलीस तर तुलाच खोडता येणार. मी पुन्हा सांगितलं. मग तिनं मला कायदा विचारला, कुणाला कळलं ते विचारलं, सुनेनं सांगितलं का ते विचारलं. मी म्हटलं, तुमच्या कुरडयांनी सांगितलं. तिला ते लगेच उमजलं. आता ती रडेल किंवा शिव्या देईल असं मला वाटलं. दोन्हीला मी तयार होते.

"तुज्या आईला तीन पोरी," ती म्हणाली. "मी नसते तर पाच झाल्या असत्या. पाच पोरींत तुला कोण शिकवणार व्हतं? ही खुर्ची हाय ना तुज्या बुडाखाली, ती कुणामुळं हाय? गावभर पेढे वाटलेस. माज्या दारावरून दोनदा गेलतीस, मी बघितलं न्हाई व्हय? पहिला पेढा माजा व्हता."

मी कितीतरी लोकांचे उपकार मोजत मोठी झाले, आणि हिनं त्या सगळ्यांच्या आधी आपलं नाव लावलं. ते खोटं आहे असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही, कारण वसतिगृहाचा अर्ज, बाईंची पुस्तकं, आईची खिचडी, हे सगळं पाच जणींना पुरलं असतं का, याचा हिशेब त्या क्षणी माझ्याही डोक्यात सुरू झाला होता. एवढं तिनं मला करायला लावलं.

मग ती म्हणाली, घसा वाळलाय, पाणी दे.

माठावर पेला होता. मी पेला घेतला नाही. आतला तांब्या भरून आणला, तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "धरा ओंजळ." तिनं सवयीनं धरली. धार पडायला लागल्यावर तिला कळलं, पण घसा वाळलेला होता आणि पाणी पडत होतं. तिनं वर माझ्याकडं पाहिलं, मग मान खाली घालून प्याली. मी धार बारीक ठेवली होती. एक थेंब बाहेर सांडला नाही.

रक्तदाबाच्या रुग्णाला, उन्हातून आलेल्या म्हाताऱ्या बाईला, मी अपमान करून पाणी पाजलं. पहिल्या वर्षाला शिकवतात त्याच्या हे बरोबर उलट आहे. याची लाज वाटायला हवी हे मला कळतं. वाटलेली नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना आईला मी मोठ्याईचं बोलणं सांगितलं. पाच असत्या तर मी शिकले असते का, असंही विचारलं. आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"पाची अर्ध्या अर्ध्या शिकल्या असत्या," ती म्हणाली. "बसल्या असत्या हितं भवती. मला चाललं असतं."

वहिनीला पुढं त्या घरात सोपं गेलं असं नाही. नवरा दोन महिने बोलला नाही. मोठ्याई तिला दर वेळी कार्डावाली म्हणून हाक मारी. पण कार्डाची भीती होती, आणि माझ्या फेऱ्या होत्या. मी ठरल्यापेक्षा जास्त वेळा गेले. लोहाच्या गोळ्या हातात न देता समोर खायला लावल्या. पोत्यावर मात्र तिला पुन्हा कुणी बसवलं नाही. मोठ्याईनं ते पोतं गोठ्यात वर खोचून ठेवलेलं मी पाहिलं होतं. एक दिवस मी ते काढून नेलं आणि उपकेंद्राच्या दारात पायपुसणं म्हणून टाकलं. ते कुठलं आहे हे गावात तिला एकटीलाच कळतं.

दसरा झाला, कापूस घरात यायला लागला, आणि दिवाळीच्या आधी ग्रामीण रुग्णालयात वहिनीला मुलगी झाली. मीच सोबत होते. वहिनीनं मला आधी विचारलं ते 'काय झालं' असं नव्हतं. तिनं विचारलं, "रडते न ते?" रडत होती, चांगली मोठ्यानं.

मोठ्याई दवाखान्यात आली नाही.

आता दर महिन्याला त्या मुलीचं वजन घ्यायचं असतं. अंगणवाडीत बोलावून घेतलं तरी चालतं. मी घरी जाते. गोठ्याच्या त्याच तुळईला काटा टांगते आणि वहिनी पोरीला कापडी झोळीत ठेवते. पोरगी झोळीत आली की पाय झाडते, काटा हलत राहतो, तो थांबेपर्यंत वाट बघावी लागते. मला लांबचं दिसत नाही, चष्मा लागतो. मी मोठ्याईला म्हणते, चष्मा विसरले, तुमी वाचा. काटा तुमच्याएवढा कुणाला वाचता येतो.

पहिल्या महिन्यात ती जागची हलली नाही. मी पोरीला झोळीतच ठेवलं. पोरगी रडायला लागली, गल्लीतल्या दोन बाया बघायला आल्या. मग मोठ्याई उठून आली, तुळईखाली उभी राहिली आणि पुटपुटली.

"मोठ्यानं म्हणा, मोठ्याई. वही भरायचीय."

"तीन किलो सातशे."

ती आता दर महिन्याला म्हणते. चार, मग पावणेपाच, मग पाच किलो दोनशे. गुडघे दुखतात म्हणून तिला भिंतीला हात टेकून उठावं लागतं, तरी मी काटा खाली घेत नाही. भिंतीपलीकडं आमचा स्वयंपाकाचा ओटा आहे. त्या वेळेला आई भाकरी थापत असते. इकडून आकडा ऐकू गेला की तिकडचा थापण्याचा आवाज थांबतो, आणि थोड्या वेळानं परत सुरू होतो. तो सुरू झाला की मी आकडा लिहिते.

चष्मा माझ्या पिशवीतच असतो.